आबा थांबले तो वैशाख

वैशाख लागला की माझा घसा आपोआप धरतो. अजून कोणी हातात माईक दिलेला नसतो, मंडपाचा एक बांबू उभा राहिलेला नसतो, पण घशाला बरोबर कळतं. चिखलीच्या रस्त्याला माझं बिछायत केंद्र आहे. गाद्या, कनाती, खुर्च्या, भोंगे, जेवणाची भांडी, नवरदेवाचं सिंहासन, सगळं भाड्यानं मिळतं. ज्याचे भोंगे त्याचाच आवाज, असा गावाचा सरळ हिशेब असल्यामुळे मारोतीच्या वर्धापनदिनाला देवळाची माहिती सांगायचं काम माझ्याकडे आलं, ते अजून सुटलेलं नाही.

सांगायचं तेही ठरलेलं आहे. भाविकहो, आपल्या गावचा मारोती स्वयंभू आहे. तो जागचा हलत नाही. म्हणून संगमरवराची नवी मूर्ती त्याच्या मागे बसवली. पुढं निर्गुण, मागं सगुण. हे निर्गुण-सगुण मला एका कीर्तनकारांनी दिलं. ते पहिल्यांदा आले तेव्हा गाभाऱ्याच्या दारात उभे राहून बराच वेळ आत बघत होते. पुढे शेंदराचा बिनचेहऱ्याचा गोळा, त्याला चांदीचे दोन डोळे. त्याच्यामागे पांढरीशुभ्र मूर्ती, पण दारातून छातीच्या वरचीच दिसणारी, जशी काही गर्दीत मागच्या रांगेत टाचा उंचावून उभी आहे. कीर्तनकारांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि त्या रात्रीच्या कीर्तनात या रचनेचा असा काही अर्थ लावला की आम्हा गावकऱ्यांनाच आपल्या हुशारीचं नवल वाटलं. तेव्हापासून मी तो अर्थ माईकवरून वाजवतो. सतरंजीवरच्या बाया पदरानं वारा घेत ऐकतात. मी श्वास घ्यायला थांबलो की त्या पेंगेतच ‘जय’ म्हणतात. त्यांचंही बरोबर आहे. वैशाखात देवाचा जयजयकार करायचा तर तो बसल्या जागी, अर्ध्या झोपेत करावा.

मी माईकवरून सांगतो ते देवळापुरतं ठीक आहे. पण त्यात आबा नाहीत, आणि आबांना वगळून ते देऊळ सांगायचं म्हणजे कणा काढून माणूस उभा करायचा. यंदा मंडपासाठी खड्डे खणताना कुठूनतरी ओल्या गोणपाटाचा वास आला आणि मला एकदम थकल्यासारखं झालं. म्हटलं, एकदा तरी आबांसकट सांगावं. आणि बसून सांगावं. उभं राहून पुष्कळ झालं.

तो वास शिखराचा होता. त्या वर्षी शिखर नुकतंच उभं राहिलं होतं आणि सिमेंटला पाणी मारायचं होतं, नेमकं तेव्हाच गावात पाण्याची बोंब. टँकर यायचा, त्याच्याभोवती पाण्याच्या गुंड्या घेऊन भांडणं लागायची. तरीही बाया पहिली गुंडी घराकडे न नेता देवळाकडे वळवायच्या. शिडीवर उभं राहून कोणीतरी ती वर चढवायचं आणि शिखराला गुंडाळलेल्या गोणपाटांवर ओतायचं. दुपारी त्यातून वाफ निघायची. पावसात भिजलेला बैल गोठ्यात बांधला की जसा वास सुटतो, तसा वास आमच्या शिखराला यायचा. घरांच्या धाब्यांवर कुरडया वाळत असायच्या, आणि उन्हात उभं राहिलं की डोळ्यांपुढे त्यांच्यासारखीच पांढरी वेटोळी फिरायची. शेतातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या. माणसाला करायला काही नव्हतं आणि न करताही बसवत नव्हतं, असे ते दिवस.

देवळाच्या समितीचे अध्यक्ष होते दिनकरभाऊ. मोठे शेतकरी, अंगानं आडवे, सदा घाईत. ते चालत नसत, निघत असत. प्राणप्रतिष्ठा करायला चिखलीचे गुरुजी ठरले होते. ते एका दुपारी बांधकाम बघायला आले आणि त्यांनी आम्हाला देवळाचा अर्थ सांगितला. गोष्ट आबांच्या ओसरीत झाली, कारण गावातली सगळ्यात थंड जागा तीच. आबा तेव्हा खाटेवर होते, पण उशीला टेकून बसायचे.

“देऊळ म्हणजे उभा पुरुष,” गुरुजी म्हणाले. “पाया ही पावलं. जोतं म्हणजे घोटे-गुडघे. भिंती म्हणजे मांड्या आणि पोट. शिखर सुरू होतं तिथं मान, शिखर म्हणजे मस्तक, आणि कळस ही शेंडी. गाभारा म्हणजे काळीज. म्हणून गाभाऱ्याला खिडकी ठेवत नाहीत. काळजात अंधारच असतो.”

दिनकरभाऊंनी एक्झॉस्ट पंख्यासाठी गाभाऱ्याला चांगलं मोठं भोक ठेवायला लावलं होतं. दुसऱ्या दिवशी ते बुजलेलं दिसलं.

आबांनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे गुडघे बी हायेत त्याले?”

“आहेत ना आबा.”

“मंग दुखतीन,” आबा म्हणाले. “चढू द्या जरा वय.”

हे आबा आमच्या भाऊकीतले सगळ्यात थोरले. आणि इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्या गावात पाचसहा घरं सोडली तर सगळी एकच भाऊकी. शाळेत हजेरी घेताना मास्तर आडनाव उच्चारायचेच नाहीत, वेळ जायचा. एका घरी माणूस गेला की सगळ्या गावाला सुतक. सुतकात ना देवळात पाय, ना नैवेद्य, ना लग्न, ना वास्तू. शहरात लोक तीन दिवसांवर भागवतात म्हणे. आमच्याकडे थोरला माणूस गेला तर सगळं गाव दहा दिवस देवाकडे पाठ करून बसतं. मुहूर्त वैशाखातला निघाला होता, तो चुकला तर पुढे पाऊस, मग थेट दिवाळीनंतरची गोष्ट. मूर्ती राजस्थानातून ट्रकमध्ये बसून निघायची होती.

आणि आबांनी अन्न सोडलं.

मुद्दाम नाही. घास जाईना. चिखलीचा डॉक्टर आला, त्यानं नाडी बघितली, डोळे बघितले, बाहेर येऊन हात धुतले आणि म्हणाला, “वय झालं आहे. दोन दिवसही काढतील, दोन महिनेही काढतील.” एवढं मोघम उत्तर समितीला चालणारं नव्हतं. दिनकरभाऊ गुरुजींकडे निघाले. मीही त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसलो. गुरुजींनी पोथी उघडली आणि दिलासा दिला की एकदा कार्यारंभीचं नांदीश्राद्ध झालं म्हणजे पुढच्या कार्याला सुतक बाधत नाही, असं शास्त्र आहे.

“गुरुजी, तुमच्या पोथीत नसन बाधत,” दिनकरभाऊ म्हणाले. “आमच्या गावात बाधते.”

झालं. दुसऱ्या दिवसापासून गाव आबांना जगवायच्या मागे लागलं. मी पुष्कळ कार्यक्रम पार पाडले आहेत, पण एवढी शिस्त कुठल्या कार्यक्रमात बघितली नाही. समितीनं आबांजवळ बसायच्या पाळ्या लावल्या. पाळीवर असलेल्या माणसानं चमच्यानं लिंबाचं पाणी पाजायचं, कपाळावर ओला रुमाल ठेवायचा आणि दर थोड्या वेळानं “आबा” म्हणून हाक मारायची. आबांनी हुंकार दिला की त्यानं बाहेर येऊन मान हलवायची. बाहेर कोणीतरी उभं असायचंच, ते देवळाकडे जाऊन सांगायचं आणि शिखरावरचा मिस्त्री पुन्हा थापी हातात घ्यायचा. पाहुण्यांसाठी म्हणून मी मंडपात मोठा कूलर लावला होता. तो उचलून आबांच्या उशाशी नेला. सलाईनची बाटली लटकवायला भिंतीवर जागा मिळेना, तेव्हा आबांच्याच तरुणपणीचा फेट्यातला फोटो उतरवून त्याच्या खिळ्याला ती टांगली. फोटो खाली जमिनीवर भिंतीला टेकून ठेवला. तो तरुण आबा सगळ्यांकडे रागानं बघत असायचा.

या सगळ्या लोंढ्याला चहा कोण देत होतं, तर शांतावहिनी. आबांची सून. तिचा नवरा, माझा चुलतभाऊ, जाऊन तेव्हाच बरीच वर्षं झाली होती. पोरबाळ नाही. घरात ती आणि सासरा, दोघंच. एरवी त्या घरात दिवसभरात दहा शब्द बोलले जात नसतील. आबा ओसरीत, ती चुलीपाशी. ती भाकरी थापायला लागली की आवाजावरून आबांना जेवायची वेळ कळायची. आता तिचं अंगण म्हणजे एस.टी. स्टँड झालं होतं. मी कूलरमध्ये पाणी टाकायला गेलो की ती कपबशा विसळत असायची.

“वहिनी, बसा जरा,” मी एकदा म्हटलं.

“कुठं बसू भाऊजी? बसाले जागा ठेवली का कोनं?” ती हसली. “गावाले मामाजी इतले आवडतात, मले म्हाईतच नव्हतं.”

आबांना सगळं कळत होतं. डोळे मिटून पडलेला माणूस जास्त ऐकतो. एका सकाळी माझी पाळी होती. मी चमचा तोंडाशी नेला तर त्यांनी ओठ घट्ट मिटले.

“घ्या आबा, थोडंसं.”

“थकलो बे,” ते म्हणाले. “आता जाऊ द्या.”

“असं काऊन म्हनता? मारोतीची प्रतिष्ठा पाहून जा.”

“मले पाह्याची नाई. तुमाले कराची हाये. माहा दम तुमी धरून राह्यले.”

मी कूलरचा वेग वाढवला.

त्या आठवड्यात समितीच्या बैठकीत एक प्रश्न निघाला. नवी मूर्ती येणार, मग जुन्या मारोतीचं काय. आजवर निंबाखाली उघड्यावर बसलेला तो शेंदराचा गोळा. नवं देऊळ त्याच्याच भोवती उभं केलं होतं, तेव्हा बांधकामापुरता तो मध्येच होता, फडक्यानं झाकलेला. पोळ्याला बैल त्याच्यासमोर यायचे. नवरदेव घोड्यावर चढायच्या आधी त्याच्यापुढे डोकं टेकायचा. पण त्याला नाक नाही, तोंड नाही, आणि येणारी मूर्ती म्हणजे मागवलेल्या फोटोतच अशी देखणी की बघत राहावं. दिनकरभाऊ म्हणाले, जुन्याचं पैनगंगेत वाजतगाजत विसर्जन करू. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही भोंगे कुठले न्यायचे ते मनात धरलं.

ही बातमी शांतावहिनीनं आबांना चहा पाजताना सहज सांगितली. आबांनी बशी बाजूला सारली आणि दिनकरभाऊंना बोलावणं पाठवलं. असं बोलावणं आलं म्हणताच दिनकरभाऊ धावतच आले. मागे आम्ही सगळे. योगायोगानं गुरुजीही गावात होते, तेही आले. ओसरी भरून गेली.

आबा उशीला टेकून बसले होते. कितीतरी दिवसांनी बसले होते. चेहऱ्यावर अशी काही शांती की मी दारातच थांबलो.

“दिनकर,” ते म्हणाले, “मी आज चाललो.”

“आबा, अशे काऊन बोलता?”

“आज दुपारीच जातो. लय झालं.”

“आबा, चार रोजावर प्रतिष्ठा आली,” दिनकरभाऊंचा आवाज चिरकला. “मूर्ती मलकापूर सोडून राह्यली. पत्रिका गेल्या. तुमाले पायजे काय ते तं सांगा.”

“मारोती हलवू नका.”

दिनकरभाऊंना आधी कळलंच नाही. मग कळलं. “आबा, नवी मूर्ती येते ना. लय मोठी, संगमरवराची. जुन्याले आपन मानानं नेऊ.”

“मी पाह्यतो तवापासून तो उन्हात हाये,” आबा म्हणाले. “निंबाची सावली ते काय सावली. आता कुठं त्याच्या डोक्यावर छत आलं, अन् आताच त्याले बाहीर काढता? घर बांधलं अन् बापाले हाकललं, अशे हा तुमी.”

आबांनी आरामात आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. मी अनेक नाटकांना पडदे दिले आहेत, विंगेत उभा राहून अनेक नट पाहिले आहेत, पण योग्य वेळी थांबायचं कसं हे त्या दिवशी त्या खाटेवर पाहिलं.

“हलवत असान तं सांगा,” ते म्हणाले. “मंग मी काई थांबत नाई.”

दिनकरभाऊंनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी घसा साफ केला. स्थापन केलेली जुनी मूर्ती विधी करून हलवता येते, ते म्हणाले. मात्र देव स्वयंभू असेल, म्हणजे आपोआप प्रकट झालेला, कोणी न बसवलेला, तर त्याला हलवता येत नाही.

“स्वयंभूच हाये,” दिनकरभाऊ म्हणाले. एवढ्या तत्परतेनं मी त्यांना दुसऱ्या कशालाही हो म्हणताना ऐकलं नाही.

“कायचा स्वयंभू,” आबा म्हणाले. “माह्या बापानं खांद्यावर आनला तो नदीतून.”

“आबा, हे आता बोलू नका.”

आबा खोकल्यासारखं हसले. “नाई बोलत. मले काय करा लागते. तो तिथं राह्यला म्हंजे झालं.”

असा आमचा मारोती स्वयंभू झाला. भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत, कूलरच्या आवाजात. एखादं देवस्थान कसं स्थापन होतं याच्या पुष्कळ कथा मी ऐकल्या आहेत. कुठं गाय पान्हा सोडते, कुठं शेतकऱ्याच्या फाळाला रक्त लागतं. आमच्याकडे एका म्हाताऱ्यानं गावाला दम दिला. मला ही कथा कमी प्रतीची वाटत नाही. देव जागेवर राहावा म्हणून कोणीतरी आपल्याजवळचं शेवटचं काहीतरी पणाला लावावं लागतं, आणि आबांजवळ तेव्हा श्वासाशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं.

त्यानंतर आबांनी शब्द पाळला. चमचा आला की तोंड उघडायचे. हाक आली की हुंकार द्यायचे. कामावर रुजू झालेल्या माणसासारखे ते जगू लागले. शांतावहिनी म्हणायची, रात्री कूस बदलताना कण्हतात, आणि मग स्वतःलाच म्हणतात, थांब, थांब.

मूर्ती आली. पेंढा आणि रजया बांधलेली, जणू थंडी वाजून आलेली. ती उतरवताना साऱ्या गावाचे हात लागले. मग तिचे सोहळे सुरू झाले. आधी तिला पाण्यात ठेवलं, तो जलाधिवास. टँकरच्या त्या दिवसांत देवासाठी अख्खा हौद भरला. मग धान्याधिवास: शाळेच्या खोलीत घरोघरचा गहू आला आणि त्यात देवाला उताणं निजवून वर गहू ओतला. नाकाचा शेंडा तेवढा बाहेर राहिला होता, त्यावर दिनकरभाऊंनी स्वतः ओंजळ सोडली. मग शय्याधिवास. देवानं गादीवर निजायचं. गादी अर्थात माझी, नवरीसाठी ठेवलेली, नवी कोरी. दोन उशा, वर पांढरी चादर. गुरुजी म्हणाले, आता कोणी बोलू नका, देव विश्रांती घेतो आहे.

मी हे सगळं आबांना जाऊन सांगत होतो, हातवारे करून, गुरुजींच्या आवाजात.

“निजला?” त्यांनी विचारलं.

“निजला. माह्या गादीवर.”

“त्याले निजवून राह्यले अन् मले जागवून राह्यले,” आबा म्हणाले. “तो तं आताच आला. काय काम केलं त्यानं थकाले?”

आजही संध्याकाळी बिछायतीच्या गाद्या ट्रकमधून उतरवताना कमरेत चमक भरते आणि मी एखादी गादी तिथंच अंगणात टाकून तिच्यावर पडतो. लोक म्हणतात, मालक आराम करून राह्यले. लोकांच्या लग्नात, लोकांच्या देवांखाली वापरलेल्या त्या गाद्या. त्यांना अत्तराचा, हळदीचा, घामाचा वास असतो. पाठ टेकली की मला मूर्तीची ती झोप आठवते. तिच्या भोवती केवढी शांतता होती, आणि एक गल्ली सोडून पलीकडे एक म्हातारा आमच्यासाठी डोळे उघडे ठेवून पडला होता. इकडे दगडात प्राण भरायची खटपट, तिकडे माणसातला निघू नये म्हणून. दोन्ही खटपटी एकाच समितीच्या.

प्रतिष्ठेच्या दिवशी सकाळपासूनच ऊन कातडी सोलत होतं. गुरुजींनी मूर्तीच्या छातीवर हात ठेवून मंत्र म्हटले, इथं प्राण येवोत, इथं राहोत. डोळे उघडले, पुढे आरसा धरला. पण आरशाच्या आधी देवाला दिसली ती शेंदराच्या गोळ्याची पाठ, कारण तो जागचा हलला नव्हता. मूर्ती मागवताना मापं वेगळ्या हिशेबानं दिली होती. आता ती मागच्या भिंतीला टेकून, छातीपर्यंत झाकलेली. दिनकरभाऊंनी कपाळाला हात लावला. गुरुजी म्हणाले, “राहू द्या. वडीलधारं पुढं असावं.” मग कळस चढला. खालून सगळ्या गावानं एकदम श्वास सोडला. मी माईकवरून काय बोललो ते मला आठवत नाही. बरंच बोललो असणार.

पंगत बसली आणि दिनकरभाऊंनी मला बाजूला घेतलं. “आबाले प्रसाद नेऊन दे. अन् सांग का झालं म्हना.”

मी द्रोण घेऊन गेलो. गल्ली रिकामी. पाळीवर कोणी नव्हतं, सगळे पंगतीत. शांतावहिनी पंख्यानं वारा घालत बसली होती. वीज गेली होती आणि कूलर बंद पडला होता. आबांनी डोळे उघडले.

“झालं?”

“झालं आबा. कळस बी चढला.”

“अन् तो?”

“जागीच हाये. सगळ्यांच्या पुढं.”

त्यांनी डोळे मिटले. चेहरा सैल झाला. “मंग मी मोकळा,” ते म्हणाले.

आणि माझ्या डोळ्यांपुढे काय उभं राहावं? चुलींवरच्या त्या कढया. बुंदी, वरण, भात. परगावाहून आलेली माणसं अर्ध्या जेवणात. “आबा,” मी म्हटलं, “पंगत बसून राह्यली हो. आजचा दिवस थांबा.”

शांतावहिनीनं माझ्याकडे असं बघितलं की मी द्रोण खाली ठेवला. पण आबा हसले. खरंच हसले, खांदे हलवून. “थांबतो,” ते म्हणाले. “जेवू दे लोकायले.”

पंगती संध्याकाळपर्यंत चालल्या. दुसऱ्या दिवशी पाळ्या बंद झाल्या, मी कूलर परत आणला. वाटलं होतं की आता आबा आपल्या वेळेनं जातील. पण गावाला सवय लागली होती. वैशाख म्हणजे लग्नसराई. प्रतिष्ठेसाठी अडून राहिलेली सगळी लग्नं आता दाटीवाटीनं उभी होती. एका संध्याकाळी एक पुतण्या पेढे घेऊन आबांकडे आला आणि खाटेच्या कडेवर टेकला. पोरीचं लगन आहे, म्हणाला, पुढच्या आठवड्यात, हळद आधल्या दिवशी. पुढचं तो बोललाच नाही, पेढ्याचा कागद दुमडत बसला. “हाव,” आबा म्हणाले. मग दुसरा आला, त्याची वास्तू होती. मग तिसरा, साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा. सगळे पेढे आणायचे, सगळे मध्येच थांबायचे, आणि आबा सगळ्यांना हाव म्हणायचे. मी त्या सगळ्या लग्नांचे मंडप दिले. प्रत्येक मंडपात मला वाटायचं, याचे मुख्य बांबू माझे नाहीत.

लग्नं संपली. लोकांच्या तोंडी पावसाची भाषा आली. पहिल्या सरीनंतर जो तो शेताकडे धावला. पेरणी अर्ध्यात असताना कोणी सुतकात बसू शकत नाही, हे आबांना सांगायलाही कोणी आलं नाही. ते त्यांना माहीतच होतं. ओसरीत ते आणि चुलीपाशी वहिनी, घर पुन्हा पहिल्यासारखं गप्प झालं. मी कधी गेलो की ते माझा हात हातात घ्यायचे. त्या हाताला वजनच राहिलं नव्हतं.

आषाढात आबा गेले. सोयाबीनची दोन पानं वर आली होती, डवरणीला, म्हणजे कोळपणीला, अजून वेळ होता, आणि लोक पारावर बसून नुसतं आभाळाकडे बघत होते. असा रिकामा दिवस शेतकऱ्याच्या गावात वर्षातून एखादाच येतो. ते दुपारी गेले. गाव सुतकात बसलं. नव्या देवळाच्या दाराला कडी लागली. भाऊकीबाहेरचा एकटा गुरव सकाळी आत जायचा, दिवा लावायचा आणि निघून यायचा. दहा दिवस कोणी घंटेला हात लावला नाही. कोणाचंही काही अडलं नाही. सगळे म्हणत होते, म्हातारा कसा शहाणा, कोणाला म्हणून त्रास दिला नाही.

मी तेरवीची भांडी पोचवायला गेलो तेव्हा वहिनी चुलीपाशी बसली होती. चूल पेटलेली नव्हती. मीही पाटावर टेकलो. ती सांगू लागली.

“त्या दिवशी सकाळी मामाजीनं मले विचारलं. म्हने, सूनबाई, गावात आता कोनाचं काई हाये का? मी भाकर थापून राह्यली होती. मी इचार केला. लगनं झाली, पेरन्या झाल्या. म्हटलं, नाई मामाजी, कोनाचंच काई नाई.” तिनं चुलीतली राख काडीनं सारखी केली. “भाकर तव्यावर टाकली अन् मंग मले समजलं का म्यां काय सांगतलं. पलटून पाह्यलं तं ते हसून राह्यले होते.”

मी म्हटलं, “तुमी खरं तेच सांगतलं, वहिनी.”

“कायले सांगतलं पन?” ती म्हणाली. “खोटं सांगाले पायजे होतं, भाऊजी. कोनाचं बी लगन सांगाले पायजे होतं.”